बाबांचं इंग्रजी

५ जानेवारी १९८१, सोमवार

ट्रंक एक्स्चेंजमधला पहिला दिवस. परगावचे कॉल जोडून द्यायचे, हे काम. ही वही बाबांनी आणून दिली. पहिल्या पानावर त्यांनीच इंग्रजीत टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘लंका पुंजाराम पगारे, टेलिफोन ऑपरेटर.’ मी खाली पेन्सिलीनं ‘शिकाऊ’ लिहून ठेवलं. अजून कशात काय नि फाटक्यात पाय!

तीन महिने शिकवणार. मार्चअखेर मुंबईहून साहेब येऊन परीक्षा घेणार. पास झाले तर कायम, नापास झाले तर घरी. मे महिन्यात मला पंचवीस पूर्ण होतात, मग पुन्हा अर्जच करता येत नाही. अक्काबाई आत्यानं चाळीसगावचं स्थळ हेरून ठेवलंय. मुलगा चांगला आहे म्हणे, फक्त बायकोनं नोकरी केलेली त्याला चालत नाही. म्हणजे नापास झाले तर मी सरळ चाळीसगावला.

आमच्या सुपरवायझर मिसेस रिबेलो. देवळाली कॅम्पात वाढलेल्या, गोऱ्या साहेबांच्या वेळेपासून बोर्डावर बसलेल्या. मी ‘व्हॉट नंबर प्लीज’ म्हटलं तर बाईंनी दाढ दुखावी तसे डोळे मिटले. म्हणाल्या, “लंका, तू इंग्लिश नाय बोलत. तू मराठी बोलते इंग्लिशमधे.”

मला इतका राग आला! एसेसीला इंग्रजीत चौसष्ट मार्क आहेत मला.

८ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी आमच्या नाशिकच्या इंग्रजीच्या खोडी फळ्यावर लिहून दिल्या. उतरवून घेते.

व्ही म्हणताना खालचा ओठ दाताखाली. डब्ल्यू म्हणताना ओठांचा चंबू. आपण दोन्हीला एकच व लावून मोकळे होतो.

पी, टी, के शब्दाच्या तोंडाशी आले की मागून हवा सुटली पाहिजे. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची. पट्टी हलली तर बरोबर. माझी पट्टी जागची हलत नाही.

आर शेवटी आला तर गिळायचा. आपण तो असा वाजवतो की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा.

आणि मुख्य म्हणजे शब्दातला एकच तुकडा ठासून म्हणायचा, बाकीचे पुटपुटायचे. आपण सगळ्या तुकड्यांना सारखा मान देतो. मॅडम म्हणतात, “तुम्ही लोक शब्दाला पंगतीला बसवता. सगळ्यांना सारखं वाढता.”

हसू आलं, पण लिहून घेतलं. द्वारका चौकात बस बदलेपर्यंत पट्टी धरून पी-पी करत होते. शेजारच्या बाईनं लेकरू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

१८ जानेवारी, रविवार

आज बाबांना मदत केली.

शेजारच्या शकुबाईंचा थोरला मिल्ट्रीत आहे. त्याच्या ऑफिसातून इंग्रजी पत्र आलं. आमच्या कॉलनीत कुणाचंही इंग्रजी पत्र आलं की ते बाबांकडेच येतं. बाबा सातवी शिकलेले, पण इंग्रजी त्यांनी स्वतःच कमावलंय, एक डिक्शनरी आणि रोजचा पेपर यांच्यावर. तीस वर्षं झाली, कामावर जायच्या आधी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचतात. आमच्या गल्लीतली पोरं त्या आवाजानं उठतात.

तर बाबांनी शकुबाईंचं पत्र खणखणीत वाचायला घेतलं. ऐकते तर काय, मॅडमच्या फळ्यावरच्या सगळ्या खोडी एका पत्रात! जे अक्षर लिहिलंय ते वाचायचंच, मुकं अक्षरसुद्धा. बुधवारच्या इंग्रजी नावातला डी तर असा वाजवला की बिचारा आजवर गप्प का होता असं वाटावं. मी म्हटलं, “बाबा, तो डी म्हणायचा नसतो.” मग पुढं डब्ल्यू आला, मग आर. पाच वेळा सांगितलं. पट्टीसुद्धा आणून दाखवली. ओट्यावरची पोरं खिदळायला लागली, “आजोबा, फुंकर मारा, फुंकर!” बाबाही हसले. म्हणाले, “अस्सं होय? बघा, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.” उरलेलं पत्र त्यांनी जरा हळू वाचलं.

एवढ्यात आईनं आतून हाक मारली, “लंके, भाकर करपती, आत ये.” गेले तर भाकरी काही करपली नव्हती. आईला आमचं इंग्रजी चाललं की उगाच काहीतरी काम सुचतं.

२५ जानेवारी, रविवार

बाबा हल्ली पेपर मनात वाचतात. घरात शांतता. छान अभ्यास झाला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या शेजारच्या बोर्डावर सुलाबाई बसतात. मूळच्या चांदवडकडच्या, पंधरा वर्षांची नोकरी. बाई तोंडाच्या फटकळ पण मनाच्या मोठ्या. डबा खाताना मला पट्टी धरलेली बघून म्हणाल्या, “काय गं, मेणबत्ती इझवती का काय?”

मी व्ही आणि डब्ल्यूचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “ते दोघं भाऊ हायेत. आपल्याकडं एकाच घरात ऱ्हात्यात. रिबेलोबाईंकडं वाटण्या झाल्यात.”

त्यांचं इंग्रजी ऐकवत नाही, खरं सांगते. गावाकडच्या हेलात बोलतात. ‘हॉल’चा ‘हाल’, ‘डॉक्टर’चा ‘डाक्टर’. पण त्यांचे कॉल पटापट लागतात. नशीब एकेकाचं.

१५ फेब्रुवारी, रविवार

वैताग आलाय. सगळी कॉलनी माझ्याकडे पत्रं घेऊन येते. बाबांकडे गेलं की ते म्हणतात, “लंकेकडं द्या, ती बरोबर वाचते.” आज तीन पत्रं आणि एक रेशनचा अर्ज. मी दमून येते, बाबांना काय झालंय? विचारलं तर म्हणाले, “डोळ्याला त्रास होतो.” चष्म्याचा नंबर वाढला असेल. पगार झाला की दुकानात घेऊन जाईन.

संध्याकाळी जयंती कमिटीचा बारकू आला. चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाली की बाबा घटनेचा सरनामा इंग्रजीत वाचतात, मी बालवाडीत होते तेव्हापासून. ज्या भाषेत बाबासाहेबांच्या हातून लिहिला गेला त्या भाषेत वर्षातून एकदा तरी कानावर पडला पाहिजे, ही बाबांचीच कल्पना. निम्म्या लोकांना समजत नाही, पण माणूस जागचा हलत नाही. आजूबाजूच्या वस्तीतले लोकही तेवढ्यासाठी येतात.

बाबा बारकूला म्हणाले, “यंदा लंका वाचील.”

मी तर उडालेच! स्टेजवर, माइकवर, सगळ्या कॉलनीपुढे! आईला मिठी मारायला गेले तर ती म्हणाली, “तुझ्या बापाला इचारलं का, का म्हून?” मी म्हटलं, “त्यांनीच तर सांगितलं.” आई पीठ मळत राहिली. ह्या बाईला आनंद म्हणून कशाचा होत नाही.

२ मार्च, सोमवार

मॅडमनी शेरा लिहिला, ‘प्रगती आहे, पण उच्चार अजून कच्चे.’ महिनाच राहिलाय. बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं आणि आरशात डब्ल्यू केला पन्नास वेळा. ओठांचा चंबू करून रडणारी मुलगी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

घरी बाबांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “तुम्हाला नाही कळणार, बाबा. लहानपणापासून कानावर जे पडलं ते आता निघता निघत नाही.”

ते म्हणाले, “हां, खरंय.” आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठले. बाबांनी चहा केलेला मला आठवत नाही.

११ मार्च, बुधवार

पट्टी हलली! पी, टी, के, तिन्हीला. मॅडम म्हणाल्या, “गुड गर्ल.” आता मी बोलायला लागले की नव्या मुली माना वळवून बघतात. आर तर असा गिळते की मलाच सापडत नाही.

१७ मार्च, मंगळवार

आजचं आजच लिहून टाकते.

दुपारी त्र्यंबकेश्वरहून एका लॉजवाल्यानं अर्जंट कॉल लावला. मद्रासकडचे एक म्हातारे गृहस्थ दर्शनाला आलेले, सकाळी पायरीवर कोसळले. त्यांना नाशिकला दवाखान्यात हलवलंय, मुलाला ताबडतोब बोलवा. मुलाचा नंबर मद्रासचा, कॉल मुंबईमार्गे. लॉजवाल्याला मराठी-हिंदीशिवाय काही येत नव्हतं आणि मद्रासला दोन्ही कुणाला समजेना, म्हणून निरोप मीच सांगायचा होता.

लाइन अशी होती की कुणी कानात तांदूळ पाखडतंय. मी बोलले. मॅडमनी शिकवलं तस्सं, एक तुकडा ठासून, बाकीचे पुटपुटत. मद्रासची ऑपरेटर म्हणाली, “रिपीट.” पुन्हा बोलले. “रिपीट, नाशिक, रिपीट.” चार वेळा. तिला मुलाचं नाव कळेना, दवाखान्याचं कळेना, काय झालंय तेच कळेना. माझे गिळलेले आर आणि पुटपुटलेले तुकडे त्या खरखरीत कुठच्या कुठं वाहून जात होते. लाइन तुटली तर पुन्हा लागायला दोन तास. मी अजूनच गोड, अजूनच साहेबी बोलायला लागले. घाबरलं की माणूस तेच जास्त करतं.

सुलाबाईंनी आपल्या बोर्डावरची कॉर्ड सोडून माझ्या दंडाला चिमटा काढला. “आगं पोरी, अख्खं बोल! कुनासाठी राखून ठेवती?”

अख्खं म्हणजे काय? मला माहीत असलेलं अख्खं एकच. मी डोळे मिटले आणि बाबा पेपर वाचतात तशी बोलले. अक्षर न् अक्षर. सगळे आर वाजवून, सगळ्या तुकड्यांना सारखं वाढून. फादर. हॉस्पिटल. सीरियस. कम इमिजिएटली.

क्षणभर नुसती खरखर. मग मद्रास म्हणाली, “ओके, नाशिक, ओके!” आणि सगळा निरोप मला परत म्हणून दाखवला. तिचं इंग्रजी आमच्यापेक्षा निराळं, एल म्हणताना तिची जीभ पार ळ ला जाऊन येते. पण तीही अख्खंच बोलत होती. तिचा शब्द न् शब्द मला कळला. मुलगा लाइनवर आला, रात्रीच्या गाडीनं निघतो म्हणाला.

कॉर्ड काढली आणि मागं पाहिलं. मिसेस रिबेलो कानाला हेडफोन लावून उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. अडीच महिन्यांची मेहनत त्यांच्या देखत पाण्यात गेली. आता शेऱ्यात काय लिहितील ते लिहितील.

१८ मार्च, बुधवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मी आधीच सॉरी म्हणून टाकलं.

“कशाला सॉरी? कॉल लागला ना?”

“पण उच्चार...”

त्या हसल्या. “माझा बोर्ड कधी ऐकला तू? मी मद्रासशी बोलते, कलकत्त्याशी बोलते, तेव्हा?” मग आपल्या नेहमीच्या कॅम्पी इंग्रजीतलं एक वाक्य म्हणून दाखवलं, आणि तेच वाक्य लाइनवरचं. देवा! थेट सुलाबाई! डाक्टरसुद्धा!

“साहेब येतात तेव्हा ते इंग्लिश,” मॅडम म्हणाल्या. “लाइन खराब असते तेव्हा हे. मी चौतीस वर्ष दोन्ही बोलते. तुला पहिलं शिकवलं. दुसरं तू घरून घेऊन आली, ते मला शिकवायला लागलं नाही. कोणी शिकवलं तुला एवढं क्लिअर?”

“बाबांनी,” मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता ओट्यावर पट्टी घेऊन उभी असलेली मीच मला दिसले.

पेपर वाचताना बाबांचे हल्ली ओठसुद्धा हलत नाहीत. डोळ्याला त्रास असलेला माणूस पेपर अर्धा तास वाचतो का? मी खरंच इतकी मूर्ख आहे.

३० मार्च, सोमवार

परीक्षा झाली. साहेब आंध्राकडचे निघाले, त्यांचं इंग्रजी तिसऱ्याच चालीचं. उतारा मॅडमच्या पद्धतीनं वाचला. मग त्यांनी खराब लाइनवर बसवलं, तिथं बाबांच्या पद्धतीनं बोलले. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. मॅडमनी मागून माझा खांदा दाबला.

४ एप्रिल, शनिवार

कायम झाले! आत्याचं चाळीसगाव बोंबललं!

कॉलनी गोळा झाली. शकुबाईंनी साखर वाटली. कुणीतरी म्हणालं, “पुंजारामभाऊ, ऑर्डर वाचा की मोठ्यानं.” बाबांनी चष्मा लावला, कागद उघडला. पहिल्या ओळीवरच थांबले. मग कागद माझ्या हातात दिला. “तुझी ऑर्डर, तूच वाच. नीट वाचशील.”

नीट. तो शब्द मला साखरेसकट गिळावा लागला.

५ एप्रिल, रविवार

सकाळी बाबांच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले. मद्रासच्या कॉलचं सगळं सांगितलं. तुमच्यासारखं बोलले म्हणून एका माणसाला त्याचा मुलगा भेटला, मॅडमसुद्धा तसंच बोलतात, सगळं. मला वाटलं होतं, बाबा खूश होतील आणि पेपर उचलून सुरू होतील. झाले खूश. पाठीवर हात फिरवला. पण पेपर घडीचा घडीच.

“बाबा, माझं चुकलं. पोरांसमोर तुम्हाला तसं बोलायला नको होतं.”

“तुझं कुठं चुकलं? बरोबरच सांगितलं तू. तीच तर पंचाईत हाय ना. चुकीचं सांगितलं असतं तर भांडलो असतो.” मग म्हणाले, “आता वाचायला घेतलं की प्रत्येक शब्दापाशी थांबतो. हा बरोबर असंल का, तो डी म्हणायचा का गिळायचा. तीस वर्षांत कधी थांबलो नव्हतो, लंके.”

आत जाऊन आईपाशी रडले. आई म्हणाली, “आता रडून काय उपेग? चौदा तारखेचं काय करती ते बघ.”

९ एप्रिल, गुरुवार

बारकूला सांगून टाकलं, चौदाला माझी सकाळची ड्यूटी आहे, मला वाचता येणार नाही. खोटं. बारकू घाबरला, धावत बाबांकडे गेला. पत्रिका छापून झाल्यात, आता कुणाला उभं करू? बाबा नाही नाही म्हणत होते, पण कमिटीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

१५ एप्रिल, बुधवार

कालचं आज लिहितेय.

सकाळी मांडव गच्च भरलेला. वंदना झाली. मी आईबरोबर पहिल्याच रांगेत बसले, बाबांना धीर यावा म्हणून. त्यांनी मला पाहिलं आणि जवळ आले. “तुझी ड्यूटी?” मी म्हटलं, “बदलून मिळाली.” “मग तूच वाच ना.” “तुमचं नाव पुकारलं, बाबा.”

पांढरा सदरा, पांढरी टोपी. माइक नीट केला आणि सुरुवात केली. पहिली ओळ अगदी जुन्या आवाजात. दुसऱ्या ओळीत लांबलचक शब्द आला आणि बाबा थांबले. कागदावरून नजर उचलून माझ्याकडं पाहिलं. माइक चालूच होता.

“लंके, असंच ना?”

मांडवात कुणी हसलं नाही, हसले असते तर बरं वाटलं असतं. मी जोरजोरात मान हलवली. ते पुढं गेले. दोन शब्दांनी पुन्हा थांबले, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी शब्द ऐकायच्या आधीच मान हलवली. तिसऱ्यांदा तर बाबांनी नुसतं पाहिलं, शाळेत फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारखं. मागं कुजबुज सुरू झाली. शकुबाई म्हणाल्या, “भाऊंना बरं नाय का?” मी हसून, हात जोडून, खुणेनं, सगळ्या परीनं सांगत होते, वाचा, वाचा. जितकं सांगत होते तितकं ते अडत होते.

आईनं माझ्या कानाशी तोंड आणलं. “ऊठ हितून.”

“मी?”

“तूच. ऊठ म्हनते ना.”

मी उठले. रांगेतून वाट काढत मांडवाच्या मागं गेले, पाण्याच्या पिंपांपाशी, जिथून स्टेज दिसत नाही. आई नंतर म्हणाली, बाबा माझी रिकामी जागा बघत किती तरी वेळ गप्प उभे राहिले. मला तेवढा वेळ नुसता माइकचा घूं आवाज येत होता. मी पिंपाची कड घट्ट धरून उभी होते. वाचा हो बाबा, मी नाहीये इथं.

मग ते खाकरले आणि पहिल्यापासून वाचायला लागले. अक्षर न् अक्षर. मुकी अक्षरंसुद्धा बोलती करत, सगळ्या तुकड्यांना सारखं वाढत. सवयीनं मी चुका मोजायला लागले, पाचव्या-सहाव्याला सोडून दिलं.

शेवटपर्यंत वाचलं. एकदाही थांबले नाहीत. टाळ्या संपून पुढचं भाषण सुरू होईपर्यंत मी पिंपांपाशीच उभी राहिले.